सोमवारचं बेलपान

“कुणाला एक शब्द सांगायचा नाही. राजनला तर नाहीच नाही.”

आमचे हे असं म्हणाले होते ते घरच्या मागच्या खोलीत, दार लोटून घेऊन. मी देवाच्या पाटाला हात लावून बरं म्हटलं होतं. तेच वाक्य त्या सोमवारी दुपारपासून माझ्या कानात घुमत होतं. मी मिरजेला चौगुल्यांच्या वाद्यांच्या दुकानात, भिंतीलगतच्या बाकड्यावर, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. समोर काचेच्या टेबलावर काळी पेटी उघडी पडली होती आणि पेटीत आमची लाल गिटार.

“जरा उजेडात घ्या बघू,” चौगुले म्हणाले.

राजननं, माझ्या मुलानं, ती उचलून त्यांच्या हातात दिली. तान्ह्या पोराला मावशीच्या हातात द्यावं तशी मानेखाली हात धरून दिली. सवयच होती त्याची ती. वडिलांनी लावलेली.

“माळवदेसाहेबांची ना ही? मुंबईहून आणलेली?”

“हो. नानांचीच.”

“एकेकाळी ऐकलीय मी. स्टेशन रोडवर गणपतीत वाजवायचे. माणसं मागं सरायला तयार नसायची.” त्यांनी गिटारीला वायर जोडली, खटका दाबला, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून नुसताच घूं असा आवाज निघाला. अजून तारेला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. “ही हिची आता खोड झाली.”

“म्हणून तर आलो. कुडचे म्हणतात, हे गुणगुणणारं खोकं घेऊन माझ्या स्टेजवर यायचं नाही. शुक्रवारच्या तालमीला नवी असेल तर गणपतीतले सगळे कार्यक्रम माझे. नाहीतर जयसिंगपूरचा एक मुलगा त्यांनी बघून ठेवलाय.”

कुडचे म्हणजे सांगलीतल्या ऑर्केस्ट्राचे मालक. त्यांच्याकडे शिरकाव मिळावा म्हणून राजन वर्षभर त्यांच्या मागे होता. साखर कारखान्यात पहाटेची पाळी करायची, दुपारी घरी यायचं, आणि संध्याकाळी त्यांच्या हॉलच्या पायरीवर जाऊन बसायचं. एकदा तर त्यांच्या स्कूटरचं पंक्चरही काढून आणलं होतं त्यानं.

“काय वहिनी, जुनी देताना जीव तुटतोय का?” चौगुल्यांनी मला विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवून हात जोडले.

“आईचं सोमवारी स्टेशन बंद असतं,” राजन हसत म्हणाला. “चातुर्मासातलं मौन. संध्याकाळी देवापुढं दिवा लागला की सुरू.”

“असं होय? मग बरोबर आहे. आम्हा जैनांचाही चातुर्मासच. सूर्य मावळायच्या आत मला ताटावरून उठायचं असतं. ते समोरच्या पायरीवरचं ऊन दिसतंय ना, ते गेलं की माझं कुलूप. तेव्हा राजनराव, काय ते पटपट उरका.”

मी पायरीकडे पाहिलं. श्रावणातलं ऊन ते, क्षणात यायचं आणि क्षणात जायचं. पण पायरीच्या कडेला रेंगाळलं होतं. ऊन जायच्या आत सौदा होणार होता आणि दिवा लागल्याशिवाय माझं तोंड उघडणार नव्हतं. आणि उघडलं असतं तरी सांगायची मुभा कुठं होती? ती वाट तर ह्यांनी आधीच बंद केलेली.

ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा दोन पावसाळे झाले होते. वीज मंडळातली नोकरी सुटली. पाय काठी धरून चालू लागला, पण हात कोपरापासून तसाच लोंबत राहिला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता दाबायला. तो ह्यांनी एक दिवस खिडकीतून परसात भिरकावला आणि मला म्हणाले, “मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे का चेंडूशी खेळायला?” मी सोमवार धरले ते तेव्हा. हात हलू दे, एवढंच मागणं.

मग एका सकाळी राजन पाळीला गेल्यावर मी जपाला बसले होते. घरात कसलाच आवाज नव्हता, म्हणून तो ऐकू आला. सुपात तांदूळ निवडताना खडा वाजावा तेवढाच. ती गिटार विजेला जोडली नाही तर तेवढंच बोलते, शेजारच्या खोलीतसुद्धा पत्ता लागत नाही. मी जाऊन पाहिलं. हे मांडीवर गिटार घेऊन बसले होते. उजव्या हातानं डाव्या हाताचं एकेक बोट उचलत होते आणि तारेवर नेऊन ठेवत होते, दुसऱ्याचं सामान लावावं तसं. बोटांना स्पर्श कळत नव्हता. डोळ्यांनी बघून ठेवावं तर जागा चुकायची. घामानं बनियन भिजलं होतं.

मी काही न बोलता देवघरातला करंडा आणला. ह्यांनी जागा दाखवल्या तिथं गिटारीच्या मानेवर तीन टिकल्या लावल्या. तर्जनीला हळद, मधल्या बोटाला कुंकू, अनामिकेला बुक्का. ह्यांनी त्या तिन्हींकडे पाहिलं आणि आजारानंतर पहिल्यांदा तोंडभर हसले. “हे तर बेलपान झालं,” म्हणाले.

त्या दिवसापासून तो नेमच झाला. राजन गेला की मी टिकल्या लावायची, हे बोटं ठेवायचे, आणि दुपारी राजन यायच्या आत मी ओल्या फडक्यानं सगळं पुसून पेटी होती तिथं ठेवायची. दार लोटून घेऊन ते वाक्य ह्यांनी सांगितलं ते तेव्हाच. त्याआधी म्हणाले होते, “तुझ्या सोमवारांचं उद्यापन होईल ना, त्या दिवशी आरती मी वाजवीन. तोवर कुणाला एक शब्द सांगायचा नाही. राजनला तर नाहीच नाही. नाही जमलं तर त्याच्या डोळ्यांत मला बघवणार नाही.”

हळदीवरचं बोट टेकू लागलं होतं. कुंकवावरचंही कधीमधी. बुक्क्यावरचं मात्र टिकत नव्हतं. आदल्या गुरुवारी ते सारखं घसरलं. शेवटी ह्यांनी गिटार बाजूला ठेवली आणि म्हणाले, “पुरे.” मला वाटलं, त्या दिवसापुरतं.

सोमवारी दुपारी राजन जेवायला बसला, तर हे एकदम त्याला म्हणाले, “कुडचे नवी मागतोय ना? मग ही चौगुल्यांना देऊन बदलून आण. वर काय पडतील ते घाल. आजच जा. आईलाही बरोबर ने, मिरजेच्या अंबाबाईचं दर्शन होईल तिचं.”

मी वाढत होते. हातातली पळी तशीच धरून मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

नवी गिटार घरी येणार नव्हती. कुडच्यांची रीतच होती, वाद्यं सगळी त्यांच्या हॉलवर. म्हणजे मागच्या खोलीत पेटीची जागा रिकामी राहणार होती, आणि तो हात पुन्हा मांडीवर पडून राहणार होता. आणि तो एकदा थांबला तर थांबला, हे मला दिसत होतं.

“हे लाल-पिवळं काय हो?” चौगुल्यांच्या आवाजानं मी भानावर आले.

त्यांचा अंगठा गिटारीच्या मानेवर होता. सकाळी मी नेमानं टिकल्या लावल्या होत्या, पण ह्यांची वाट बघण्यात राजन यायच्या आत पुसायचं राहिलं होतं. ह्यांची बोटं सकाळी फिरली नव्हती, तरी पेटीत ठेवताना टिकल्या फिसकटून एकमेकींत मिसळल्या होत्या.

राजननं वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “आई. श्रावणी सोमवारची गिटारीचीपण पूजा केलीस?” मग चौगुल्यांकडे वळून म्हणाला, “आमच्याकडं कुकरसुद्धा नवा आणला तर आधी हळदकुंकू, मग डाळ-भात. खंडेनवमीला हिचा तर देवच केलेला असतो.”

“असू दे हो. आमच्याकडं तराजूला लावतात.”

त्यानं खिशातून रुमाल काढला, कोपरा जिभेवर ओला केला आणि पुसायला लागला. लाकडात मुरलेला पिवळा डाग निघेना. तो घासत राहिला. मी पिशवीच्या बंदाला गाठ मारत होते, सोडत होते.

मग चौगुल्यांनी नवी गिटार काढली. काळीभोर, आरशासारखी. राजननं ती गळ्यात अडकवली आणि वाजवली, आणि दुकान भरून गेलं. मी खोटं कशाला बोलू, सुंदर वाजत होती. घूं नाही, खरखर नाही. पुढच्या भागात एक बाई तंबोऱ्याचा भोपळा टिचकी मारून बघत होत्या, त्यासुद्धा थांबल्या. राजनचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा झाला.

“हीच,” तो म्हणाला.

“हीच घ्यावी. उद्या गडहिंग्लजचं गिऱ्हाईक येतंय हिच्यासाठी, पण तुम्ही घरचे. ठेवा इकडं. आधी ही जुनी मोकळी करतो. तारा कापूनच काढतो, गंजल्यात.” चौगुल्यांनी टेबलाच्या खणातून पक्कड काढली.

पायरीवरचं ऊन आता बोटभर उरलं होतं.

माझ्या मनात काय काय आलं ते सांगण्यासारखं नाही. मौन मोडावं असंही आलं. देव समजून घेईल, त्याला पुष्कळ समजतं. पण ह्यांना दिलेला शब्द? तो दिव्यानं सुटणारा नव्हता. मी उठले. पक्कड तारेला लागली होती. मी चौगुल्यांसमोर जाऊन पिशवीतला छोटा करंडा काढला आणि टेबलावर आडव्या पडलेल्या नव्या गिटारीकडे बोट दाखवलं.

“हां हां, लावा की वहिनी,” चौगुले म्हणाले आणि पक्कड बाजूला ठेवून दोन पावलं मागे सरले. “नव्या वस्तूला लावायलाच पाहिजे.”

“आई, थोडंसंच हं. चकचकीत आहे ती,” राजन म्हणाला.

मी खालून तारा मोजल्या. तिसऱ्या तारेवर, दुसऱ्या घरात, हळद. अगदी खालच्या तारेवर, त्याच घरात, कुंकू. त्या दोहोंच्या मधल्या तारेवर, एक घर पुढे, बुक्का. रोजची जागा होती, चुकली नाही.

“तिथं कशाला, आई? वर डोक्यावर लाव ना. तिथं बोटं लागतात.”

मी त्याचा डावा हात धरला. त्याला वाटलं, नमस्कार करायला लावतेय, म्हणून त्यानं हसत हात सैल सोडला. त्याच सैल हाताची तर्जनी मी उचलली आणि हळदीवर ठेवली. मग मधलं बोट उचललं, कुंकवावर ठेवलं. अनामिका उचलली आणि बुक्क्यावर दाबून धरली. एकेक करून. दुसऱ्याचं सामान लावावं तसं.

तो हसायचा थांबला.

“बेलपान,” तो म्हणाला. “हे बेलपान आहे. नानांनी मला पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. तीन बोटं, तीन पानं. तुला कुठनं…”

मी त्याचा हात सोडला. त्यानं आपल्या बोटांच्या टोकांकडे पाहिलं, एक पिवळं, एक लाल, एक काळं. मग जुन्या गिटारीच्या मानेवरच्या डागाकडे. तो न निघालेला डाग दुसऱ्या घरात होता. त्यानं वाकून त्यावर तर्जनी टेकवली.

“ही पूजा नव्हती,” तो म्हणाला.

मी खाली फरशीकडे पाहिलं.

“नाना वाजवतात?”

मी मान हलवली नाही. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

“आई, निदान मान तरी हलव.”

मी पदर खांद्यावर नीट घेतला आणि बाकड्यावर जाऊन बसले. माझ्याकडून होण्यासारखं होतं ते झालं होतं. आता त्याचं त्यानं बघायचं होतं, आणि मला ते बघत बसायचं होतं. त्यापेक्षा मौन सोपं असतं.

“राजनराव, ऊन गेलं,” चौगुले म्हणाले. पायरी खरंच काळी पडली होती. “मला उठायचंय. काय करू, कापू?”

राजन दोन्ही गिटारींच्या मध्ये उभा होता. त्यानं नवीच्या मानेवरून हात फिरवला. टिकल्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून मधला भाग सोडून फिरवला.

“शुक्रवारपर्यंत ही ठेवता येईल?”

“गडहिंग्लजवाला उद्या सकाळी दारात उभा राहील. त्याला मी तसं कळवलंय. तुम्ही घेताय तर तुमची, नाही तर त्याची. मधलं मला जमायचं नाही, राग मानू नका.”

“नाही, राग कसला.”

मग रुमालाचा कोरडा कोपरा घेऊन त्यानं नवीवरच्या तिन्ही टिकल्या हलक्या हातानं टिपून घेतल्या.

“जुनी परत द्या,” म्हणाला.

चौगुल्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. “मौनात असून वहिनींनी माझं गिऱ्हाईक फिरवलं,” ते म्हणाले. “बोलल्या असत्या तर दुकानच बंद पडलं असतं.” मग घाईघाईनं गिटार पेटीत ठेवून त्यांनी कड्या लावल्या आणि कुलूप हातात घेतलं.

सांगलीच्या बसमध्ये राजननं पेटी पायांत उभी धरली होती. विजयनगर आलं तेव्हा बाहेर दुकानांतून दिवे लागले होते. ड्रायव्हरनं पुढच्या तसबिरीपाशी छोटा दिवा लावला आणि उदबत्ती ओवाळून खोचली.

“आई, दिवा लागला. बोल आता.”

“तुझा शुक्रवार गेला रे,” मी म्हणाले. दिवसभर न वापरलेला आवाज, नीट निघालाच नाही.

“जाऊ दे.”

गेला तो गेलाच. कुडच्यांनी जयसिंगपूरच्या मुलाला घेतलं आणि त्या वर्षीच काय, पुढंही राजनला कधी बोलावलं नाही.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “बदलायचं नाना मला शनिवारीच बोलले होते. मी म्हटलं, रविवारी जातो, सुट्टी असते. तर म्हणाले, नको. सोमवारीच जा. आई बरोबर असेल.”

मी खिडकीबाहेर पाहत होते. मला कॅलेंडर आठवलं. चातुर्मासातले माझे सोमवार त्यावर ह्यांनीच उजव्या हातानं लाल शाईत गोल करून ठेवले होते. आठवड्याच्या सात दिवसांत मी बोलू शकत नाही असा एकच दिवस, आणि तोच ह्यांनी निवडला होता. घरात ठेवलं असतं तर मी ह्यांच्याशी नजरेनं बोलले असते. म्हणून मला घराबाहेर काढलं.

घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं होतं. देवघरात अंधार. हे आरामखुर्चीत बसून होते. दिवासुद्धा लावला नव्हता. राजननं बटण दाबलं. ह्यांनी आधी पेटीकडे पाहिलं. नव्या गिटारीची पेटी दुकानातून येते ती करकरीत असते. ही कोपरे उडालेली आपलीच आहे, हे त्यांना लगेच कळलं.

“बदलली नाहीस?”

“नाही.”

“का? चौगुले नाही म्हणाला?”

“नाही, ते तयार होते.”

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात कधी नव्हतं असं कडक पाहिलं.

“नाना,” राजन म्हणाला, “आई एक शब्द बोलली नाही. शपथ.” आणि पेटी उचलून त्यानं मागच्या खोलीत, रोजच्या जागी नेऊन ठेवली. परत येताना हात धुवायला म्हणून न्हाणीकडे वळला. ह्यांना त्याची बोटं दिसली असावीत. पिवळं, लाल, काळं. मी देवापुढे उशिराचा दिवा लावला, उपास सोडला, तिघं जेवलो.

ताटं उचलताना हे हळूच म्हणाले, “उद्यापन कधी म्हणालीस?”

“कार्तिकात. शेवटच्या सोमवारी.”

“हं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे राजन पाळीला गेला. मी जपाला बसले होते. आज टिकल्या लावायला उठावं की नको, विचारावं की नको, अशी मनाची ओढाताण चालली होती आणि माळेचे मणी नुसतेच पुढं सरकत होते. खुर्ची करकरली. काठीचा आवाज आला नाही, काठी भिंतीलाच टेकलेली राहिली असावी. हे माझ्या मागून देवघरात आले. उजवा हात देव्हाऱ्याच्या चौकटीला धरलेला, तेवढाच मला डोळ्यांच्या कडेनं दिसला. वाकले, थोडे डगमगले, पण मी वळले नाही. देवापुढचा करंडा उचलल्याचा आवाज आला. मग झाकण करंड्यावर सारखं किणकिणत राहिलं, जसं ते थरथरत्या हातात किणकिणतं.

उजवा हात तर चौकटीवर होता.

मी माळ थांबवली नाही. ती किणकिण भिंतीच्या कडेकडेनं मागच्या खोलीकडे निघाली.